माथेरानची रिक्षा कोण ओढतो?

अंबरनाथ-बदलापूरहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत उजव्या हाताला बसले की डोंगरांची रांगच आपल्याबरोबर चालू लागते. मलंगगड, चंदेरी आणि नेरळ आले की माथेरान. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबांची पहिली सहल याच डोंगरावर झालेली आहे. लाल मातीने भरलेल्या चपला, चिक्कीचा पुडा आणि माकडाने पळवलेली पिशवी एवढे तरी प्रत्येकाच्या आठवणीत असतेच. परंतु या गावाचा इतिहास आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. तो सांगावा म्हणून आजचा हा लेख.

माथेरानचा 'शोध' ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे 1850 मध्ये लावला, असे सर्व पुस्तकांतून छापलेले असते. साहेब चौक गावाच्या बाजूने डोंगर चढले आणि जागा त्यांच्या मनात भरली, हे खरे आहे. पण माथ्यावरचे रान म्हणून माथेरान हे नाव साहेबांनी ठेवलेले नाही. धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा त्या रानात वावर आधीपासूनच होता. ज्यांच्या पायवाटेने साहेब वर गेले त्यांनी शोध लावला नाही, आणि जो पाहुणा आला त्याने लावला! इतिहास लिहिण्याची ही रीत आपल्या वाचकांना नवीन नाही.

पुढे 1856 मध्ये रेल्वे कल्याणहून नेरळमार्गे खोपोलीपर्यंत गेली आणि मुंबईच्या साहेबांना व शेटजींना डोंगर जवळ आला. बंगले उठले. नेरळहून वर जायचे ते घोड्यावरून, नाहीतर माणसांच्या खांद्यावरच्या पालखीतून. 1904 साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने छोट्या गाडीचे काम हाती घेतले आणि 1907 मध्ये ती सुरू झाली. अवघ्या दोन फुटांच्या अंतरावरचे रूळ आणि सुमारे 21 किलोमीटरचा वळणावळणाचा चढ. पीरभॉय यांचे नाव राहिले, ते राहायलाच हवे. डोंगर फोडणाऱ्या हातांची नावे मात्र कोठेही नाहीत. 26 जुलै 2005 च्या पावसात हा मार्ग वाहून गेला, 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसाने तो परत उखडला आणि 2022 मध्ये गाडी पुन्हा वरपर्यंत जाऊ लागली.

याच गावात 1 डिसेंबर 1912 रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. तेच आपले भाई कोतवाल. वकिलीपर्यंत शिकले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. टंचाईच्या दिवसांत सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या काढल्या. 1942 च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या जंगलात ते व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सहलीला गेल्यावर मुलांना पॉइंट दाखवतो, तसे हेही दाखवावे.

डोंगरावरचे गाव चैनीचे ठिकाण झाले म्हणजे तेथे राबणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न एकट्या माथेरानचा नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ॲस्पेन नावाचे गाव आहे. चांदीच्या खाणींवर ते वाढले. 1893 मध्ये सरकारने चांदीची खरेदी बंद केली, खाणी बसल्या आणि गाव ओस पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी पाळणे लागले आणि श्रीमंतांची रीघ लागली. आता घरे इतकी महाग आहेत की हॉटेलात राबणारे खालच्या खोऱ्यात राहतात आणि कामापुरते वर येतात. आपल्याकडे खाण नव्हती, बर्फही नाही. पण पायथ्याच्या वाड्यांतून डोक्यावर ओझे घेऊन वर चढणाऱ्या आदिवासी बायाबापड्या आम्हाला ॲस्पेनच्या त्या कामगारांच्याच नात्यातल्या वाटतात.

आता मुख्य गोष्ट. माथेरानात मोटारीला बंदी, दस्तुरी नाक्याच्या पुढे रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर वाहन नाही. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. धूर नाही, भोंगा नाही, हे चांगलेच आहे. परंतु या स्वच्छ हवेची किंमत हातरिक्षा ओढणाऱ्याने दिली. एक माणूस पुढे दांड्याला, एकदोन मागून ढकलायला, आत बसलेला पाहुणा आणि त्याच्या बॅगा. चढाला छाती फुटते आणि उताराला गाडी अंगावर येते. झाडे वाचवायची तर माणसाने घोडा व्हायचे, हा कुठला न्याय?

ई-रिक्षासाठी रिक्षा ओढणारेच न्यायालयाच्या पायऱ्या चढले. घोडेवाल्यांचा विरोध होता. त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2022 च्या अखेरीस थोड्या ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून धावल्या. 6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला: माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी आहे, ती सहा महिन्यांत बंद करा. पंजाबातील रिक्षावाल्यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने 1980 मध्ये निकाल दिला होता, त्याला 45 वर्षे होऊनही हे चालू राहावे, याची खंतही त्यात आहे. राज्यघटनेने दिलेल्या सामाजिक व आर्थिक न्यायाच्या वचनाशी हे विसंगत आहे, हे न्यायालयाने बजावले. शासनाने ई-रिक्षा घेऊन त्या ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही सांगितले.

निकाल वाचून आमची मान ताठ झाली. पण हिशेब करून पाहिला तेव्हा पेच दिसला. परवाने 94. प्रयोगापुरती मंजुरी होती ती 20 ई-रिक्षांना. ज्यांच्यासाठी गाड्या त्यांनाच त्या मिळत नाहीत, अशी तक्रार मधल्या काळात न्यायालयापर्यंत गेली होती. म्हणूनच खरे रिक्षा ओढणारे कोण, हे ठरवण्याचे काम या निकालाने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीवर सोपवले. हातरिक्षेला दोन-तीन माणसे लागत, ई-रिक्षेला एक चालक पुरतो. परवाना ज्याच्या नावावर त्याचे नाव यादीत येईल. मागून ढकलणाऱ्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाकडे परवाना कधीच नव्हता. कर्जत तालुक्यात ज्यांचे नातलग या कामावर होते, त्यांनी त्या यादीत त्यांचे नाव आहे का, हे आधी जाऊन पाहावे.