वचन राष्ट्राध्यक्षांचे, तारा मक्तेदारांच्या

२० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली, तेव्हा त्यांच्या तंत्रज्ञानविषयक धोरणाचे उदारमतवाद्यांनी मोठ्या उत्साहाने स्वागत केले. इंटरनेट सर्वांना खुले राहील, तारांचे मालक मजकुरामजकुरांत भेदभाव करणार नाहीत आणि ब्रॉडबँड खेड्यापाड्यांत पोहोचेल, ही त्या धोरणाची आश्वासने. त्यांमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हेतूपेक्षा मालकी बलवत्तर ठरते, हा समाजवादाचा पहिला धडा. आणि त्यानंतरचा अमेरिकेचा इतिहास म्हणजे या धड्याची उजळणीच होय.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. मंदीवर उतारा म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये झालेला कायदा सुमारे ७८७ अब्ज डॉलरांचा होता. त्यात ब्रॉडबँडच्या वाट्याला ७.२ अब्ज आले. म्हणजे रुपयात पैसाही नव्हे!

आता नियमांची कहाणी. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने २०१० मध्ये भेदभावास मनाई केली. व्हेरायझन कंपनी न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या नियमांचा मुख्य भाग रद्द झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये आयोगाने ब्रॉडबँडला टेलिफोनप्रमाणे सार्वजनिक वाहकाचा दर्जा दिला. राष्ट्राध्यक्ष बदलताच, डिसेंबर २०१७ मध्ये, व्हेरायझनचेच माजी वकील अजित पै यांच्या अध्यक्षतेखाली तो काढून घेण्यात आला. बायडेन यांच्या काळात, एप्रिल २०२४ मध्ये, तो पुन्हा दिला गेला. आणि २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो रद्द ठरविला. पंधरा वर्षे नियम आले नि गेले, तारांची मालकी मात्र होती तिथेच राहिली.

मुक्त बाजाराचे भाट यावर म्हणतात की, नियम गेले तरी कोणते आकाश कोसळले? वस्तुतः केंद्राचे नियम गेल्यावर कॅलिफोर्नियासारख्या राज्याने २०१८ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्याचाही धाक कंपन्यांना होता. शिवाय मक्तेदार आज सौम्य वागतो म्हणून त्याच्या हाती चाबूक राहू द्यावा, हे कोणते अर्थशास्त्र? एका रस्त्यावर तारांची दोन-तीन जाळी अंथरणे परवडत नसते. म्हणून येथे स्पर्धा स्वभावतःच दुबळी असते. ग्राहकाने कंपनी सोडावी तर जावे कोठे?

याचे उत्तर अमेरिकेतच एका नगराने दिले आहे. टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथील नगराच्या मालकीच्या वीजमंडळाने २०१० मध्ये आपल्या संपूर्ण क्षेत्रात एक गिगाबिट वेगाची सेवा उपलब्ध करून दिली. २००९ च्या त्याच कायद्यान्वये वीजजाळ्यासाठी मिळालेल्या सुमारे ११ कोटी डॉलरांच्या अनुदानाचा त्यास हातभार लागला. ही सेवा शेजारच्या गावांनाही द्यावी, तर राज्याचा कायदा आडवा आला! आयोगाने २०१५ मध्ये तो अडसर दूर करू पाहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच सहाव्या विभागाच्या न्यायालयाने आयोगाला तो अधिकार नाकारला. कंपन्यांचे खरे भय नियमांना नसून सार्वजनिक मालकीच्या यशस्वी उदाहरणाला आहे, हे यावरून ध्यानात यावे. नियम पुढच्या सरकारकडून मागे घेवविता येतो. लोकांच्या मालकीची, उत्तम चालणारी तार उखडून टाकणे इतके सोपे नसते.

आपल्याकडे लाखो नागरिकांनी पत्रे लिहिली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामकाने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी केली. हा विजय मोलाचाच. पण खाजगी कंपन्या २०१२ पासून जी फोर-जी सेवा विकीत होत्या, ती देशभर सुरू करण्यास सार्वजनिक मालकीच्या बीएसएनएलला सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. नियम आपण जिंकलो. मालकी मात्र डोळ्यांदेखत निसटत गेली, आणि तिच्यासाठी तितकी पत्रे कोणी लिहिली नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनी खुल्या इंटरनेटची मागणी जरूर लावून धरावी. परंतु तिच्या जोडीला सार्वजनिक तारांची, सक्षम बीएसएनएलची आणि नगरपालिकांच्या अधिकारांची मागणी असलीच पाहिजे. एरवी चांगला राष्ट्राध्यक्ष वा चांगला पंतप्रधान येण्याची वाट पाहत बसणे, एवढेच आपल्या हाती उरेल.