महासाथ, मदत आणि मिंधेपण

लोकशाहीची खरी परीक्षा सुबत्तेच्या काळात होत नाही. ती संकटात होते. सारे सुरळीत चालू असताना संसदेची थोरवी आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य यांचे गोडवे गाणे सोपे असते. भय दाराशी येऊन उभे राहिले, की मात्र ‘आता प्रश्न विचारू नका, सरकारला काम करू द्या’ असे म्हणणारे आवाज वाढू लागतात. हे आवाज पुष्कळदा सद्‌हेतूनेच उमटलेले असतात, म्हणून ते अधिक धोक्याचे. २०२० ते २०२२ या महासाथीच्या काळात कॅनडात नेमके हेच घडले. जगाला उदारमतवादाचे पाठ देणाऱ्या या संपन्न देशात संसद आणि वृत्तमाध्यमे या जाब विचारणाऱ्या दोन्ही संस्था एकाच वेळी दुबळ्या झाल्या. त्या कशा झाल्या, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम संसदेकडे वळू. ऑक्टोबर २०१९ च्या निवडणुकीत जस्टिन ट्रुडो यांच्या लिबरल पक्षाला ३३८ पैकी १५७ जागा मिळाल्या होत्या. सरकार अल्पमतातील होते. १३ मार्च २०२० रोजी महासाथीमुळे कनिष्ठ सभागृहाचे कामकाज स्थगित झाले. अकराच दिवसांनी आर्थिक मदतीचे तातडीचे विधेयक संमत करून घेण्यासाठी मोजक्या सदस्यांना ओटावात बोलावण्यात आले. त्या विधेयकाच्या मसुद्यात संसदेच्या संमतीविना कर बसवण्याचे आणि खर्च करण्याचे अधिकार डिसेंबर २०२१ च्या अखेरपर्यंत अर्थमंत्र्यांच्या हाती सोपवण्याची तरतूद होती. म्हणजे तब्बल एकवीस महिने! राज्यकर्त्याच्या तिजोरीवर लोकप्रतिनिधींचे नियंत्रण, हा तर संसदीय लोकशाहीचा पाया. विरोधी पक्षांनी ठाम नकार दिला, रात्री उशिरापर्यंत वाटाघाटी झाल्या, वादग्रस्त तरतूद गाळली गेली आणि २५ मार्चला विधेयक संमत झाले. या विरोधामुळे मदत अडली नाही. अधिकारांना मात्र लगाम बसला.

दुर्दैवाने हे तेज पुढे टिकले नाही. पत्नीला संसर्ग झाल्यामुळे विलगीकरणात गेलेले पंतप्रधान रिडो कॉटेज या आपल्या निवासस्थानाच्या दाराशी उभे राहून जवळजवळ रोज देशाला संबोधित करू लागले. अब्जावधी डॉलरच्या योजना सभागृहात नव्हे, तर अंगणात जाहीर होऊ लागल्या. पूर्ण सभागृहाच्या जागी एक विशेष समिती आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष आणि दोनदा पडद्यावर भरू लागली. त्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारची तूट ३०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. तरीही २०२० साली अर्थसंकल्पच मांडला गेला नाही. तो थेट १९ एप्रिल २०२१ रोजी आला.

या ढिलाईची फळे लवकरच दिसली. जून २०२० मध्ये ९१ कोटी २० लाख डॉलरची विद्यार्थी अनुदान योजना राबवण्याचे काम ‘वी चॅरिटी’ या संस्थेकडे सोपवण्यात आले. याच संस्थेच्या कार्यक्रमांत भाषणे करण्यासाठी पंतप्रधानांच्या मातोश्रींना आणि बंधूंना मानधन मिळाले होते, हे पुढे उघड झाले. संसदीय समित्यांनी चौकशी आरंभली. १७ ऑगस्टला अर्थमंत्री बिल मोर्नो यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रुडो यांनी संसदेचे अधिवेशन संस्थगित केले. त्यामुळे समित्यांचे कामही आपोआप थांबले. नीतिमत्ता आयुक्तांनी मे २०२१ मध्ये मोर्नो यांना दोषी ठरवले, ट्रुडो यांना नाही, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु चौकशी ऐन रंगात असताना सभागृहाला कुलूप लावण्याची निकड कोणती होती, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या वर्षी तर कळसच झाला. विनिपेग येथील राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतून दोन शास्त्रज्ञांना काढून टाकण्यात आले होते. त्यासंबंधीची कागदपत्रे सादर करण्याचा आदेश सभागृहाने दिला. सरकारने तो पाळला नाही. जून २०२१ मध्ये सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या प्रमुखांना सभागृहापुढे उभे करून समज देण्यात आली. संसद सदस्य नसलेल्या व्यक्तीवर असा प्रसंग १९१३ नंतर प्रथमच आला. तेव्हा सरकारने काय केले? त्याने सभागृहाच्या अध्यक्षांनाच न्यायालयात खेचले! अध्यक्ष स्वतः लिबरल पक्षाचेच होते. ऑगस्टमध्ये ट्रुडो यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली, सभागृह विसर्जित झाले आणि त्याचा आदेशही लयाला गेला.

अशा वेळी जनतेची भिस्त वृत्तमाध्यमांवर असते. परंतु कॅनडातील वृत्तमाध्यमे या संकटात शिरली तीच मुळी सरकारी मदतीचा हात धरून. जाहिरातींचे उत्पन्न आटल्यामुळे डबघाईला आलेल्या वृत्तपत्रांसाठी ट्रुडो सरकारने २०१८ साली पाच वर्षांकरिता सुमारे ५९ कोटी ५० लाख डॉलरचे साहाय्य घोषित केले होते. पात्र ठरलेल्या संस्थांना पत्रकारांच्या वेतनाचा चौथा हिस्सा करसवलतीच्या रूपाने मिळू लागला. सीबीसी ही सार्वजनिक प्रसारण संस्था तर वर्षाकाठी एक अब्ज डॉलरहून अधिक सरकारी निधीवर चालते. त्यात महासाथीच्या काळात सर्वच उद्योगांसाठी ७५ टक्क्यांपर्यंत वेतन-अनुदान आले आणि बड्या वृत्तसमूहांनीही ते घेतले. गंमत अशी, की लिबरल, कॉन्झर्व्हेटिव्ह, न्यू डेमोक्रॅटिक आणि ग्रीन या राजकीय पक्षांनीही त्यासाठी अर्ज केले. ज्यांनी जाब विचारायचा, तेही त्याच पंगतीत बसले.

म्हणून कॅनडातील सारे पत्रकार विकले गेले असे म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. डोर्व्हाल येथील हेरॉन वृद्धाश्रमात काही आठवड्यांत ३१ वृद्धांचा मृत्यू झाल्याचे एप्रिल २०२० मध्ये ‘माँट्रियल गॅझेट’ या वृत्तपत्रानेच उजेडात आणले. पहिल्या लाटेतील कॅनडातील मृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के मृत्यू अशाच आश्रमांत झाले होते. ट्रुडो कुटुंबीयांच्या मानधनाची बातमी देणाऱ्यांत सरकारी निधीवरील सीबीसीही होती. पत्रकाराची सदसद्विवेकबुद्धी एका अनुदानाने मरत नाही. परंतु हानी होते ती निराळ्या ठिकाणी. वाचकाच्या मनात संशयाचा किडा शिरतो. सरकारवर केलेली टीका त्याला पटते. सरकारची केलेली स्तुती मात्र, ती कितीही खरी असली तरी, मिंधेपणाची वाटू लागते. महासाथीत लसीविषयी, मुखपट्टीविषयी, टाळेबंदीविषयी खरी माहिती लोकांपर्यंत पोहोचणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. नेमक्या त्याच वेळी ती सांगणाऱ्याच्या शब्दाचे मोल घटावे, याहून मोठे दुर्दैव कोणते?

या अविश्वासाचा स्फोट २०२२ च्या जानेवारीत झाला. सीमा ओलांडणाऱ्या ट्रकचालकांना लससक्ती झाली आणि मालमोटारींचे तांडे ओटावात येऊन थडकले. ते पोहोचण्यापूर्वीच पंतप्रधानांनी त्यांना अस्वीकारार्ह मते बाळगणारे मूठभर लोक ठरवून टाकले होते. सीबीसीच्या एका निवेदिकेने या आंदोलनामागे रशियाचा हात असू शकतो, असे प्रश्नाच्या ओघात सुचवले; पुढे संस्थेला खुलासा करावा लागला. आंदोलक सारेच साधुसंत होते असे नाही. भोंग्यांच्या कर्कश आवाजाने ओटावाचे नागरिक त्रस्त झाले होते आणि कूट्स येथे पोलिसांना शस्त्रेही सापडली. परंतु अमेरिकेला जोडणारा विंडसरचा महत्त्वाचा पूल पोलिसांनी १३ फेब्रुवारीला नेहमीच्या कायद्याने मोकळा केला आणि १४ फेब्रुवारीला ट्रुडो यांनी आणीबाणी कायदा लागू केला. १९८८ साली झालेल्या या कायद्याचा हा पहिलाच वापर. त्याच्या पूर्वीचा युद्धकालीन कायदा १९७० च्या ऑक्टोबरमध्ये ज्यांनी शांततेच्या काळात वापरला, ते पंतप्रधान पियरे ट्रुडो हे यांचेच वडील! न्यायालयाच्या आदेशाविना दोनशेहून अधिक बँक खाती गोठवण्यात आली. न्यायमूर्ती रूलो यांच्या आयोगाने २०२३ मध्ये काहीशा अनिच्छेने सरकारचा निर्णय ग्राह्य मानला. फेडरल न्यायालयाने मात्र जानेवारी २०२४ मध्ये तो अवाजवी आणि मूलभूत हक्कांचा भंग करणारा ठरवला. सरकारने त्याविरुद्ध अपिलाचा मार्ग धरला.

वाचकांना स्मरत असेल, की ३० नोव्हेंबर २०२० रोजी हेच ट्रुडो दिल्लीच्या वेशीवरील शेतकरी आंदोलनाबद्दल चिंता व्यक्त करीत होते आणि शांततामय निदर्शनांच्या हक्कामागे कॅनडा सदैव उभा राहील, अशी ग्वाही देत होते. भारताने त्याबद्दल कॅनडाच्या उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला होता. त्यानंतर सव्वा वर्षाने स्वतःच्या राजधानीचे रस्ते अडले, तेव्हा त्या ग्वाहीचे काय झाले, हे जगाने पाहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ट्रुडो मार्च २०२५ मध्ये पायउतार झाले. महासाथही ओसरली. वृत्तपत्रांच्या वेतनावरील करसवलत मात्र ओसरली नाही. ती २०२३ साली २५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर नेण्यात आली. संकटकाळात दिलेला आधार आणि घेतलेला अधिकार सहसा आपण होऊन परत जात नाही, हाच यातील बोध आहे. कॅनडातील अधिकारांना लगाम घालण्याचे काम २०२० च्या मार्चमध्ये विरोधी पक्षांनी एका रात्रीत केले; आणीबाणीचा निर्णय अवाजवी ठरवायला न्यायालयाला मात्र जवळजवळ दोन वर्षे लागली.  म्हणून महासाथीत रुग्णालयांप्रमाणे संसदेचीही दारे उघडी राहिली पाहिजेत. आणि वृत्तपत्राचा खर्च सरकारने नव्हे, वाचकाने उचलला पाहिजे. पदरमोड करून वर्गणी भरणारा वाचक हाच निर्भीड वृत्तपत्राचा खरा आश्रयदाता असतो. हे ओटावात जितके खरे आहे, तितकेच आपल्या गावातही खरे आहे.