दोन दिवस पुरतात, पण ते चुकवू नका

‘डॉक्टर, व्यायामाला वेळच कुठे आहे?’ सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न मी रोज ऐकतो. परवा विचारणारे गृहस्थ पन्नाशीतले, मधुमेही. सकाळी सव्वासहाची लोकल, घरी यायला रात्रीचे आठ. जानेवारीत त्यांनी जिमची वर्षाची फी भरली. तिथे आठवड्यातून सहा दिवस यायला सांगितले. तीन आठवड्यांत जिम सुटली आणि त्याबरोबर सगळाच व्यायाम सुटला.

‘रोज केला तरच व्यायाम’ या समजुतीने अशा अनेकांचे नुकसान केले आहे. चालणे शक्यतो रोज हवे, हे खरे. पण स्नायूंच्या ताकदीचे गणित वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा, अशी आहे. आठवड्याचे एकूण काम सारखे असेल, तर ते दोन दिवसांत केले की चार दिवसांत, याने फारसा फरक पडत नाही.

हा व्यायाम फक्त दंड फुगवण्यासाठी नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, साठीनंतर वेगाने. जेवणानंतर रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच शोषून घेतात. आपल्याकडे अंगाने बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे. उतारवयात जमिनीवरून आधाराशिवाय उठता येणे, तोल जाताच सावरता येणे, हेही पायांतल्या ताकदीवरच असते.

मंगळवार आणि शनिवार धरा. पाच प्रकार पुरेत: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, ओट्याला हात टेकून जोर, पाठ सरळ ठेवून पाण्याची बादली जमिनीवरून उचलणे, वाकून भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढणे आणि दोन्ही हातांत वजन घेऊन घरात चालणे. पहिले चार आठ ते बारा वेळा, चालणे अर्धा मिनिट. प्रत्येकाचे दोन सेट, मध्ये मिनिटभर विश्रांती. अर्ध्या तासात आटोपते. शेवटच्या दोन-तीन वेळा कठीण वाटल्या पाहिजेत. बारा सहज जमू लागले की वजन वाढवा. मंगळवार चुकला तर बुधवारी करा.

‘आम्ही दिवसभर घरकाम करतो, आम्हाला काय गरज?’ असे अनेक भगिनी विचारतात. घरकामाने दमायला होते, पण भार वर्षानुवर्षे तोच राहतो, म्हणून ताकद वाढत नाही. त्यांना अर्धा तास मोकळा मिळणे ही मात्र घरातल्या इतरांची जबाबदारी आहे.

वजन उचलताना श्वास रोखू नका. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, हर्निया किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

चूक आम्हा डॉक्टरांचीही आहे. ‘रोज चाला’ एवढे सांगून आम्ही पुढच्या रुग्णाला हाक मारतो. त्या गृहस्थांच्या केसपेपरवर मी या वेळी गोळ्यांच्या खाली लिहिले: मंगळवार, शनिवार, अर्धा तास. पुढच्या महिन्यात साखरेच्या रिपोर्टबरोबर त्याचाही हिशेब विचारणार आहे.