लाज कशाची?

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील. तरीही लिहिते.

अमेरिकेत न्यू जर्सीतील वेस्ट विंडसर येथे लेकीकडे राहत होते. एके सकाळी तिने माझ्या खांद्यावरचे लाल वळ पाहिले. "आई, हे काय?" मी म्हणाले, "आतल्या कपड्याचे, गं. बायकांना असायचेच." तिने टेप आणून माप घेतले. लग्नापासून मी एकाच नंबरची बॉडी वापरत होते. अंग मात्र दोन बाळंतपणांनी केव्हाच बदलले होते. दुकानात पुरुष विक्रेता असे म्हणून नंबर सांगायचा आणि पिशवी झाकून घरी यायचे, एवढीच आमची खरेदी.

आपले पूर्वज कोकणातून ह्या बेटावर आले, त्या काळी महाराष्ट्रात पुढे गाठ मारायची चोळी होती. गाठ आपल्या सोयीने बांधता येई. पाश्चात्त्य देशांत बायका कॉर्सेटमध्ये आवळल्या जात. 1914 साली न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी दोन रुमाल व फीत जोडून केलेल्या हलक्या कपड्याचे पेटंट मिळवले. 1977 साली व्हरमाँटमध्ये तिघी मैत्रिणींनी धावण्यासाठी सोयीचा कपडा शिवला. सोय बायकांनी स्वतःच शोधली, कारण त्या आपसात बोलल्या.

आपण मात्र बोलत नाही. क्युरपिप-व्हाक्वाच्या दमट हवेत हे कपडे टॉवेलखाली लपवून वाळत घालतो. ते ओलसर राहतात, मग घामोळे, खाज आणि बुरशी. तेही आपण लपवतो.

1970 च्या कायद्याने निर्यात कारखाने निघाले आणि आपल्या हजारो भगिनींनी परदेशासाठी कपडे शिवले. परक्यांच्या मापाचा कपडा अचूक शिवणाऱ्या हातांना स्वतःचे माप घ्यायला संकोच का वाटावा?

म्हणून सांगणे एवढेच : वर्षातून एकदा माप घ्या. भार खांद्यांवर नव्हे, छातीखालच्या पट्ट्यावर यावा. सुती, हलका कपडा निवडा. घरी तारेवाचूनचा चालतो. तो उन्हात, उघड्यावर वाळवा. आणि वयात येणाऱ्या लेकीला हे सारे आपणच समजावून सांगा. माझ्या लेकीने मला शिकवले, पण खरे तर ते उलट व्हायला हवे होते.