चाळीस गळे, दहा बोटं

एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पंडितांनी सोळाव्या शतकातल्या ऑर्गनवाल्यांना चक्क 'रंगारी' ठरवलं. गुन्हा काय, तर चर्चमधल्या गायकवृंदाची धीरगंभीर गाणी ऑर्गनवर घेताना या मंडळींनी त्यांवर तानामुरक्यांचे बेलबुट्टे काढले. अहो, मूळ रचना जशीच्या तशी उतरवायची सोडून हे नसते उद्योग!

'जशीच्या तशी' म्हणणाऱ्यांनी कधी नोंदी उतरवलेल्या दिसत नाहीत. आम्ही बी.कॉम., बँकेत कारकून. इकडचे आकडे तिकडे नेण्यातच आमचा जन्म चाललाय. त्या काळी बहुधा प्रत्येक आवाजाची वही वेगळी असे. चार आवाज, चार वह्या. ऑर्गनवाल्यानं चारही वह्यांतले स्वर उचलून आपल्या एका चोपडीत एकाखाली एक मांडायचे. याला आमच्याकडे पोस्टिंग म्हणतात. (दुहेरी नोंद समजावणारं पहिलं छापील पुस्तक १४९४ साली व्हेनिसला निघालं. सुट्या खिळ्यांनी छापलेलं अनेक आवाजी गाण्यांचं पहिलं पुस्तक १५०१ साली, तेही व्हेनिसलाच. आम्हाला यात नवल वाटत नाही.)

पण पोस्टिंग चोख झालं म्हणून गाणं हाती लागत नाही, हीच तर गोम आहे. दोन गायक एका स्वरावर आले तरी गळे दोनच राहतात. ऑर्गनवर त्या स्वराची पट्टी एकच, म्हणजे एक आवाज गायब! दोन खातेदारांनी शंभर-शंभर भरले आणि आम्ही शंभर एकदाच जमा केले, तर साहेब आम्हाला घरी बसवतील. शब्द तर आधीच गेलेले. गायक लांब स्वर फुगवतो, ओसरवतो. ऑर्गनची नळी पट्टी सोडेपर्यंत एकाच जोरानं ओरडत राहते.

मग ती जागा भरायची कशानं? स्पेनच्या राजाचा, दुसऱ्या फिलिपचा, वादक आंतोनियो दे काबेसोन लहानपणापासून आंधळा. वहीत बघायचा प्रश्नच नाही. त्यानं जोस्कँ दे प्रेच्या रचना घेतल्या आणि लांब स्वरांच्या मधे बोटं धावती ठेवली. त्याच्या मृत्यूनंतर, १५७८ साली, मुलानं ते संगीत छापलं. पेटीवर नाट्यपद वाजवणाराही शब्दांची तूट मुरक्यांनीच भरून काढतो की! त्याला कोणी रंगारी म्हणत नाही.

काही जर्मन वादक सगळीकडे एकाच साच्याच्या मुरक्या रबरी शिक्क्यासारख्या मारत, हे कबूल. ते शिक्केवाले वेगळे आणि काबेसोन वेगळा.

टॉमस टॅलिसचं चाळीस स्वतंत्र आवाजांचं एक गाणं आहे. 'जशीच्या तशी'वाल्या पंडितांनी ते दहा बोटं नि दोन पायांवर उतरवून दाखवावंच. काउंटर आम्ही मोकळा करून देतो.