वाचनस्पर्धेतलं घड्याळ

गेल्या वर्षी इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाच्या वाचनस्पर्धेत मी परीक्षक होते. नऊ वर्षांच्या एका मुलीने पोळ्यावरचा उतारा मिनिटाच्या आत धडाधड वाचून काढला. जोडाक्षरं चुकली नाहीत, कुठे अडखळली नाही. टाळ्या झाल्या, पहिलं बक्षीस मिळालं. नंतर वड्यांच्या रांगेत ती माझ्या पुढेच उभी होती, म्हणून सहज विचारलं, "पोळा म्हणजे काय गं?"

"मोठी पोळी, मावशी."

तिचं व्याकरण चोख होतं. सुरी-सुरा, गाडी-गाडा, तशी पोळी-पोळा. त्या पोळीत बैल कुठून आले, एवढं मात्र तिला वाचताना खटकलं नव्हतं. खटकणार कसं? बक्षीस घड्याळाला होतं.

माझं म्हणणं सरळ आहे: मंडळाने हे घड्याळ बंद करावं.

यावर पालक म्हणतात, इथल्या अमेरिकन शाळांतही मिनिटाला किती शब्द ते मोजतातच की. मोजतात, खरं आहे. पण तिथलं मूल दिवसभर इंग्रजीत भांडतं, हसतं, गप्पा मारतं; शब्द ओठांवर आला की अर्थ आपोआप येतो. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हे साध्या गुणाकारात मांडलं. एका बाजूला अक्षरं उलगडता येणं, दुसऱ्या बाजूला भाषा कळणं, आणि आकलन म्हणजे या दोहोंचा गुणाकार. बेरीज नव्हे. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. आपण रविवारच्या मराठी वर्गाच्या दीड तासात पहिली बाजू घोटून घेतो आणि दुसरी आजीच्या व्हिडिओ कॉलवर सोडून देतो.

भाषा कळणं म्हणजे नुसते शब्दार्थही नव्हेत. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेतल्या ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मग छोट्या मैदानावर लाकडी खेळाडू हलवून सामना दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण बेसबॉल न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली. आपल्याकडचा बेसबॉल म्हणजे पोळा, पाणवठा, वारी, एसटी, आणि 'मामाच्या गावाला' या दोन शब्दांत मावणारी अख्खी सुट्टी.

वेग नकोच, असं नाही. एकेक अक्षर लावत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. त्यावरचा उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे: तोच उतारा पुन्हा, मोठ्याने. मिनेसोटाच्या सॅम्युअल्स यांनी १९७९ साली दाखवलं की अशा वाचनाने चुका घटतात, वेग वाढतो आणि पुढच्या उताऱ्याला आधीपेक्षा कमी फेऱ्या लागतात. फेऱ्या त्यांनीही घड्याळ लावूनच मोजल्या, हे कबूल करते. पण ती मुलाची स्वतःशीच तुलना होती. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाशी नव्हती.

शिवाय देवनागरीत घाई महागात पडते. 'कि'ची वेलांटी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत जो फरक आहे, तो चुकला तर लग्नाची पंगत उपाशी राहील. चटणीतला च वेगळा, चहातला वेगळा, आणि लिपी तो फरक दाखवतच नाही. शब्द कानावरून गेलेला असेल तरच जीभ नीट वळते.

म्हणून घरात आवाज हवा. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी नव्वदच्या दशकात टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी देण्याची कल्पना मांडली. गाणं पाठ असतं, नजर आपसूक अक्षरांवरून सरकते. हे आपल्या दिवाणखान्यात आज करता येईल. बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंकही इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. आधी आईबाबांनी वाचून दाखवावं, मग दोघांनी मिळून, मग मुलाने एकट्याने. आईबाबांचं मराठी वाचनच सुटलंय, ही खरी अडचण. पण त्यावर स्वतंत्र लेख होईल, आणि तो कुणाला आवडणार नाही.

स्पर्धेत उतारा पंधरा दिवस आधी द्या. वाचून झाल्यावर मुलाने तो पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगावा, आणि गुण त्या सांगण्याला द्या.

आधी अर्थ, मग वाचन, हे मी माझ्या वर्गात करून पाहिलं. मातीचे बैल केले, जुन्या साडीच्या काठाच्या झुली शिवल्या, शिंगांना बेगड म्हणून चॉकलेटची चांदी लावली. मग तोच उतारा त्याच मुलीला दिला. या वेळी दीड मिनिट लागलं, कारण बैलांना पुरणपोळी खाऊ घालतात, या वाक्यापाशी ती मध्येच थांबली.

"बघा मावशी," ती म्हणाली, "पोळी होतीच की!"