शिपायाकडे पुरावा मागणारे सरकार

नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही मालवणकडची माणसे तुळशीपुढे अंगठ्याखाली कारीट फोडतो आणि नरकासुर मेला म्हणून पोहे खायला बसतो. पण एक असुर मुळी मरतच नाही. तो सरकारी फायलीत राहतो.

आमच्या भागातील पोरे मराठा पलटणीत जातात, म्हणून धरमवीर सिंग या शिपायाची हकीकत आम्हांला परकी वाटत नाही. १९८५ साली तो धडधाकट ठरून सैन्यात शिरला. १९९४ साली फेफऱ्यामुळे २० टक्के अपंग ठरवून त्याला घरी धाडले. अपंगत्वाचे पेन्शन मागितले, तर उत्तर आले, हा रोग नोकरीमुळे नव्हे! सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला तो २०१३ साली. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो नोकरीपायीच जडला असे धरावे. तसे नसेल, तर पुरावा सरकारने द्यावा, असे न्यायालयाने बजावले.

एवढ्यावर वाद मिटावा की नाही? छे! त्यानंतरही सैनिकाने सशस्त्र सेना न्यायाधिकरणात दावा जिंकला, की कैक वेळा सरकारच वरच्या कोर्टात उभे!

कोणी म्हणेल, ढोंगी लोक तिजोरी लुटतील. त्यांना वैद्यकीय मंडळाने खुशाल पकडावे. त्यापायी प्रामाणिक शिपायाने मुंबईच्या खेपा का घालाव्यात? सरकारी वकिलाची फी तिजोरीतून जाते. शिपायाच्या वकिलाची, त्याच्या बायकोच्या पाटल्यांतून.

वाचकहो, हे दान नव्हे, देणे आहे. आणि देणे बुडवणाऱ्याला आपण सावकार म्हणत नाही.